दिवाणजींचे नाझर

लग्न होऊन देवळीला आले, त्या पहिल्या संक्रांतीला मी शेजारच्या घरी तिळगूळ द्यायला गेले आणि बोलणी खाऊन परत आले. माझा गुन्हा एवढाच, की मी कुत्र्याच्या आधी माणसापुढे वाटी धरली.

ओसरीवर आरामखुर्चीत एक गृहस्थ बसलेले. बंद गळ्याचा कोट, वरपर्यंत बटणं लावलेली, दाढी गुळगुळीत, पायांत मोजे. घरात बसलेल्या माणसाच्या पायांत मोजे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्यांच्या शेजारी घडी घातलेल्या दुलईवर एक तपकिरी कुत्रं पडलेलं, एक कान अर्धा तुटलेला. मी वाकून नमस्कार केला, वाटी पुढे केली. त्यांनी हात पुढे केलाच नाही.

"आधी दिवाणजींना."

"कोणाले?" मी इकडे तिकडे पाहिलं. मला वाटलं, आत कोणी म्हातारंकोतारं असेल.

"यांना." त्यांनी कुत्र्याकडे हात केला. "वरिष्ठ आहेत."

माझी काय बिशाद! नवी नवरी मी. कुत्र्यापुढे तिळगूळ ठेवला. त्यानं हुंगला आणि तोंड फिरवलं. "गोड खात नाहीत ते," गृहस्थ म्हणाले, "पण विचारायला पाहिजे होतं." आणि मग माझ्या वाटीतला तिळगूळ स्वतः घेऊन चवीनं खाल्ला.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. "अवं बाई, तुले सांगाचंच राह्यलं! नाझरसायबाच्या घरी पह्यले कुत्र्याले राम राम कराव लागते. मंग मांजरीले. मंग वेळ उरला तर मानसाले."

नाझरसाहेब म्हणजे आमचे शेजारी. वर्ध्याच्या कोर्टात नाझर होते. समन्स बजावायला चपराशी पाठवणं, जप्तीचं सामान सांभाळणं, कोर्टातल्या खुर्च्यांपासून शाईच्या दौतींपर्यंत सगळ्याचा हिशोब ठेवणं, ही त्यांची नोकरी. पेन्शन झाली आणि ते देवळीच्या आपल्या घरी राहायला आले. नोकरी सुटली, पण नाझरपण सुटलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, यांचा तर सुंभही जळलेला नव्हता. सकाळी दहाच्या सुमाराला कोट चढवून ओसरीवर बसत आणि पाचला उठत. मधल्या वेळात तिथं काय काम चालायचं, ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

कुत्र्याची हकिकत अशी. कोर्टातल्या कुठल्याशा साहेबाची बदली झाली. साहेब सामानसुमान घेऊन गेले, कुत्रं बंगल्यावर राहिलं. विसरले की टाकून गेले, देव जाणे. मी म्हणते टाकून गेले, कुत्रं काय छत्री आहे विसरायला? पण नाझरसाहेबांच्या लेखी ती साहेबांची अमानत. घरी आणलं, दुलई दिली. साहेबाच्या बंगल्यावरून आलेला प्राणी, त्याला मोती किंवा वाघ्या कसं म्हणायचं? म्हणून दिवाणजी. आणि अहोजाहो. माझे सासरे चिडवायचे, "साहेब कधी न्याले येते तुमच्या अमानतीले?" नाझरसाहेब गंभीरपणे म्हणायचे, "येतील. कामात असतील." ते साहेब काही आले नाहीत. कुत्र्यालाही त्यांची वाट पाहताना मी कधी पाहिलं नाही.

गंमत अशी, की हा माणूस माणसांशी आमच्यासारखंच बोलायचा. "काऊन बे, दूध इतकं पातळ काऊन आणलं?" हे गवळ्याला. "इकडे ये वं," हे बायकोला. पण कुत्र्याकडे वळला, किंवा नुसतं त्याच्याविषयी बोलायला लागला, की भाषा एकदम धुतलेली, इस्त्री केलेली. "आपलं जेवण झालं का? पाणी घेता?" मांजरीचं नाव बाईसाहेब. ती खुर्चीत झोपलेली असली की नाझरसाहेब उभे राहायचे, तिला उठवायचे नाहीत. त्यांची बायको माई, गरीब गाय. एकदा पापड लाटता लाटता मला म्हणाली, "चाळीस वर्सं झाली लग्नाले. मले एक दिवस इचारलं नाई, जेवली का म्हनून. अन् त्या मांजरीले दोनदा इचारते." म्हणाली आणि हसली. मला नाही हसू आलं.

दुसरं वेड आवतणाचं. रीतसर आमंत्रणाशिवाय हा माणूस कोणाच्या दारी जेवायला जायचा नाही. माझ्या नणंदेच्या लग्नात आमच्याकडच्या कोणीतरी भिंतीवरून ओरडून सांगितलं, "काकाजी, जेवाले येजा!" आले नाहीत. पंगत बसली तरी नाहीत. शेवटी सासरे कुंकू-अक्षता घेऊन स्वतः गेले. नाझरसाहेबांनी अक्षता घेतल्या आणि म्हणाले, "आणि दिवाणजी?" सासऱ्यांनी दातओठ खात दोन तांदूळ कुत्र्याच्या डोक्यावर टाकले. तेव्हा कुठे दोघं आले. मांडवात पाहुण्यांच्या रांगेत कुत्र्याची पत्रावळ! व्याही मंडळी आमच्याकडे कशी पाहत होती, ते सांगायला नको.

आता नातवंडांचं. मुलगा वसंता, वर्ध्याला शाळेत मास्तर, नालवाडीत दोन खोल्या घेऊन राहायचा. त्याची बायको कमल, जात्याच तोंडाची तिखट, मनाची साफ. यांची दोन मुलं. मोठा अरुण आणि धाकटी शालू. उन्हाळ्याच्या सुटीत मुलं देवळीला यायची. वसंता कमलला घेऊन त्यांना पोचवून जायचा आणि जाताना बायकोला म्हणायचा, "आबाजी आहेत, काळजी नको." कमल म्हणायची, "म्हणून तर काळजी."

पहिल्या सुटीत पोरांनी आल्या आल्या दिवाणजींच्या शेपटीला डालड्याचा रिकामा डबा बांधला. कुत्रं खणखणत गल्लीभर पळालं, मागे गल्लीतली सगळी पोट्टी. आम्ही बायका हसून लोळत होतो. नाझरसाहेब ओसरीवरून उतरले. मला वाटलं, आता पोरांची पाठ सोलतात. पण नाही. त्यांनी डबा सोडला, कुत्र्याची चक्क क्षमा मागितली आणि दोन्ही पोरांना रांगेत उभं केलं.

"या घरात आधी कोण आलं?" त्यांनी अरुणला विचारलं.

"दिवाणजी."

"मंग वरिष्ठ कोण?"

अरुण रिकामा डबा पायानं ढकलत राहिला.

"वरिष्ठ तो वरिष्ठ. तू माह्या नातू असशील, पण तू मागून लागला. मान मागून मिळत नाई, रांगेत उभं राहून मिळते. उद्यापासून यांची ड्युटी तुह्याकडे."

झालं! दुसऱ्या दिवसापासून अरुण दिवाणजींच्या नोकरीला. सकाळी पाणी भरायचं, दुलई झटकायची, कानातले गोचीड काढायचे, भाकरी कुस्करून द्यायची, आणि कुत्रं खाईपर्यंत समोर उभं राहायचं. कुत्र्याचं जेवण होईस्तोवर साहेबाच्या नातवाला जेवण नाही. पोरगं रडायचं, पाय आपटायचं, "मी काय कुत्र्याचा नोकर आहो?" म्हणायचं. आजोबा म्हणायचे, "हाव. मीपन सरकारचा होतो."

मी माईला म्हटलं, हा कसला जुलूम, पोर आजोबांकडे आलं आहे की जेलात? माई म्हणाली, "हे त्याइचे लाडच आहे बाई. त्याइले दुसरे लाड येत नाई."

शालूचं वेगळंच. ती होती पाच-सहा वर्षांची. तिनं बाईसाहेबांच्या मिशा ओढल्या, बाईसाहेबांनी तिच्या हातावर ओरखडे काढले. नाझरसाहेबांनी दोघींना समज दिली. "तुमचं दोघींचंही चुकलं," असं म्हणत मांजरीलाही बोट दाखवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पण पुढच्याच सुटीत बाईसाहेबांनी शालूच्या झग्यांच्या पेटीत चार पिल्लं घातली. सगळ्या झग्यांचा सत्यानाश! पोरगी गळा काढेल म्हणून माई धावली, तर शालू पेटीशी बसलेली, तोंडावर बोट. "हळू बोला. बाईसाहेब बाळंतीण आहेत." मग महिनाभर ती एकाच झग्यावर. रोज संध्याकाळी माई तो धुवायची, रोज सकाळी शालू तो घालायची, आणि पेटीजवळ कोणाला फिरकू द्यायची नाही. आजोबासुद्धा पिल्लं पाहायला यायचे ते परवानगी विचारून. शालू कधी द्यायची, कधी द्यायची नाही. न दिली तर नाझरसाहेब मुकाट्यानं परत जायचे. मला वाटतं, त्या घरात त्यांना आत जायला नाही म्हणणारी ती पहिलीच बाई.

अरुणचंही हळूहळू पालटलं. दुसऱ्या सुटीत तो आला तोच मोटारीतून उडी मारून धावत, आणि आजीच्या आधी दिवाणजींच्या गळ्यात पडला. कुत्रंही असं, की अरुण आला की नाझरसाहेबांच्या पायाशी बसायचं सोडून पोराच्या मागे मागे. विहिरीवर जा, बाजारात जा, दोघं सोबत. म्हाताऱ्यानं लावलेली ड्युटी कधीच संपली होती, पण दुलई पोरगंच झटकायचं. हे पाहून नाझरसाहेब जे फुलायचे! तोंडावर काही नाही हं. फक्त कोटाची बटणं चाचपायचे.

तिसऱ्या वर्षी वसंता-कमल पोरांना घेऊन पोळ्याला आले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर ज्यानं जू वाहिलं त्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि त्याला म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जनावराला वर्षातून एकदा पाहुण्यासारखं बोलावणं, एवढी ही रीत. नाझरसाहेबांकडे ना बैल, ना शेत. म्हणून काय झालं? ते दरवर्षी दिवाणजींचे खांदे शेकायचे. सासरे म्हणायचे, "नाझरसाहेब, कुत्र्याच्या खांद्यावर कोनतं जू?" उत्तर तयार, "घर राखतात, ते काय फुकट?" त्या वर्षी अरुणनं शेकले. पळसाचं पान धरून, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडाचे बैल सजवून, चाकांवर ओढत तोरणाखाली आणतात, खाऊ मिळतो. अरुण-शालूला लाकडी बैल पाहिजे होता. कमल म्हणाली, घेऊन टाका एक. नाझरसाहेब म्हणाले, "लाकडाले मान द्याचा अन् जित्याले नाई? असे धंदे या घरात होत नाई." विषय संपला.

पोरानं मग आजोबांचा शब्द खरा करून दाखवला. त्यानं दिवाणजींनाच सजवलं. अंगाला गेरूचे ठिपके, गळ्यात घुंगरं, पाठीवर शालूचा जुना झगा झूल म्हणून, आणि डोक्याला सुतळीनं घट्ट आवळलेली लाकडाची दोन शिंगं, बेगड लावलेली. कुत्र्याचा बैल करून दोघं भावंडं मिरवत तोरणाखाली गेली. लोकांची ही हसाहस! नाझरसाहेब कोट घालून गर्दीत पुढे उभे. आणि दिवाणजी सोसत होते. म्हातारं झालेलं कुत्रं, पोरासाठी सगळं सोसत होतं. तेवढ्यात डफडं कानाशी कडाडलं. कुत्रं बिथरलं, उलटं फिरलं आणि ज्याच्या हाती दोरी होती त्या अरुणच्या मनगटाला कडकडून चावलं.

रक्ताची धार लागली. पोरगं किंचाळलं. कमल तोंडावर पदर धरून धावली. पण तिच्या आधी नाझरसाहेब पोचले होते. ते खाली बसले, कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, सुतळी सोडली, आणि म्हणाले, "दिवाणजी, आपल्याला लागलं तर नाही?"

सगळं गाव ऐकत होतं.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण नाही, नियम! ते अरुणकडे वळले. "वरिष्ठांची अशी थट्टा करतात? हात जोड. माफी माग." आणि त्या लेकरानं रक्तानं भरलेला हात दुसऱ्या हाताला लावून कुत्र्यापुढे जोडला.

कमलनं पोराला उचललं. आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट होतं. "मामाजी," ती म्हणाली, "तुमच्या घरात मानसाच्या जन्माले येऊन माह्या पोराची चूक झाली. आता आम्ही या उंबऱ्यात पाय ठेवनार नाई."

वसंता मध्ये काहीतरी पुटपुटला. त्याचं कधी कोणी ऐकलं होतं? संध्याकाळच्या मोटारीनं सगळे वर्ध्याला गेले. शालू मोटारीच्या खिडकीतून बाईसाहेबांना हाका मारत होती. पुढे पोराच्या पोटात सुया टोचाव्या लागल्या, सरकारी दवाखान्यात, रोज एक. कुत्रं पिसाळलेलं नव्हतं, ते चांगलं ठणठणीत राहिलं. पण कोणती आई तेवढी वाट पाहील?

आता म्हातारा जाऊन समजूत काढेल, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. माई पाया पडली, "एक डाव जाऊन या नालवाडीले. पोराच्या डोक्यावर हात ठेवा." नाझरसाहेब म्हणाले, "आवतन आलं तं जाईन." ती सून, जिचं पोर चावलं, ती यांना आवतण पाठवणार! आणि हे विना आवतणाचे जाणार नाहीत! दिवाळी गेली. संक्रांत गेली. उन्हाळ्याची सुटी आली आणि गेली, पोरं आली नाहीत. शालूच्या पेटीतली पिल्लं मोठी होऊन गावभर झाली.

त्या वर्षात नाझरसाहेबांचं नवंच सुरू झालं. आमचं बाजारात किराण्याचं दुकान. माल आणायला आमचे हे दर आठवड्याला वर्ध्याला जात. ते परतले की नाझरसाहेब भिंतीपाशी हजर.

"नालवाडीकडे गेलता का?"

"गेलतो काकाजी."

"दिवाणजी विचारत होते, अरुणचा हात कसा आहे."

आमचे हे गंभीर तोंडानं म्हणायचे, "दिवाणजीले सांगा, बरा आहे. खूण राह्यली."

दुसऱ्या आठवड्यात दिवाणजींना शालूचा पहिला नंबर आला का ते पाहिजे असे. कधी दिवाणजींना झोप येत नसे. कधी दिवाणजींचं जेवण कमी झालेलं असे. कुत्रं चांगलं भाकरीवर भाकरी हाणत होतं, मी रोज पाहत होते. कोट मात्र नाझरसाहेबांच्या अंगावर लोंबायला लागला होता. एकदा मी न राहवून म्हटलं, "काकाजी, दिवाणजीले म्हना, इतकी आठवन येते तं मोटारीत बसा अन् जाऊन या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता ओरडतात. पण म्हणाले, "त्यांना जायचं आहे गं. पण त्यांना पद्धत मोडता येत नाही." आणि आत गेले. मी हे सगळ्या गल्लीला हसत हसत सांगितलं, पण रात्री ह्यांना सांगताना मला हसू आलं नाही.

पुन्हा पोळा आला. खांदशेकणीच्या दिवशी दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते, तर समोर कमल! सोबत अरुण आणि शालू. अरुणच्या हातात झाकलेली वाटी आणि पळसाची पानं. मी उठलेच.

"बसा ताई," कमल म्हणाली आणि माझ्याच पायरीवर टेकली. "मी तिकडे नाई जात. माह्या शब्द आहे. पोट्टं ऐकत नाई म्हनून आनलं."

"काय म्हनते?"

"म्हनते, आवतन द्याचं आहे. आज नाई दिलं तर वर्सभर देता येत नाई म्हनते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कालपर्यंत मले सांगत नव्हता, ताई. काल म्हनला, माय, शिंगं टोचून राह्यले होते त्याले. मले दिसत होतं, तरी मी सुतळी सोडली नाई. त्याची चूक नाई. वर्सभर हे पोटात घेऊन बसलं होतं लेकरू. मले कुत्र्याचा राग नवताच कधी. मले राग त्याइचा. माह्या पोराले आधी नाई इचारलं."

मी तांदळाचं सूप तिच्याकडे सरकवलं. दोघी भिंतीपलीकडे पाहत बसलो.

नाझरसाहेब खुर्चीत होते. पोरं फाटकातून आत गेली तसे ते उभे राहिले. कोणासाठी उभे राहिले, कोणास ठाऊक. दिवाणजींना तेव्हा नीट दिसत नव्हतं, पण वास आला असणार, शेपटी दुलईवर आपटायला लागली. अरुण आजोबांकडे गेला नाही. त्यानं रांग चुकवली नाही. आधी कुत्र्यापुढे गुडघे टेकले, वाटी उघडली, हळद-तूप बोटांवर घेतलं. चावलेला तोच हात. त्यानं कुत्र्याचे दोन्ही खांदे चोळले, पळसाचं पान लावलं. कुत्र्यानं त्याचं मनगट चाटलं. बरोबर त्या खुणेवर. तूप सांडलं होतं म्हणून चाटलं, असं मी आजही म्हणते.

नाझरसाहेब म्हणाले, "अरुण, दिवाणजी तुझी माफी मागताहेत."

इस्त्रीची भाषा! आजवर ती कुत्र्याच्या मानासाठी यायची, आज पहिल्यांदा माणसाच्या मानासाठी आली.

"त्यांना हात जोडता येत नाहीत," म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "म्हणून त्यांच्या वतीनं मी जोडतो." आणि त्या माणसानं आपल्या एवढ्याशा नातवापुढे खरंच हात जोडले. मान खाली घालून. कमल माझ्या शेजारी दगडासारखी बसली होती, पण तिची बोटं माझ्या तांदळात रुतली होती.

अरुणनं कुत्र्याला म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग तो आजोबांकडे वळला आणि म्हणाला, "आबाजी, कोट काढा."

"कशाला?"

"खांदे शेकाचे आहे."

मी म्हटलं, संपलं. आता वीज पडते. ज्या माणसानं जेवतानासुद्धा कोट काढला नाही, त्याला हे पोर बैलाच्या रांगेत उभं करतं आहे! गल्लीतली दोन-चार माणसं जमली होती, त्यांतला एक फिसकन हसलाही. नाझरसाहेबांनी एकेक करून बटणं सोडली. कोट खुर्चीवर ठेवला आणि पोराचा हात पोचावा म्हणून ओसरीवर, दिवाणजींच्या दुलईशेजारी खाली बसले. अरुणनं एका खांद्यावर चोळलं, शालूनं दुसऱ्या खांद्यावर, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावरूनच. पळसाचं पान लावलं. "आज आवतन घ्या," दोघं एका सुरात म्हणाली, "उद्या जेवाले या."

"येऊ," नाझरसाहेब म्हणाले. एवढंच.

माई आतून आली ती गाठोडं बांधूनच. तिला कोणी आवतण दिलं नाही, आणि तिनं वाटही पाहिली नाही. संध्याकाळच्या मोटारीनं सुनेसोबत चालती झाली. जाताना मला म्हणाली, "पुरन वाटाले मानूस नको का तिकडे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाझरसाहेब कुत्र्याला घेऊन मोटारस्टँडवर गेले. कंडक्टर म्हणाला, कुत्रं चालत नाही. नाझरसाहेब म्हणाले, आवतण दोघांना आहे. कंडक्टरनं हात जोडले आणि मोटार सोडली. मग रेंगीची, हलक्या बैलगाडीची, चौकशी केली. पण पोळ्याच्या दिवशी गाडीला बैल कोण जुंपणार? ज्याला विचारावं तो कानावर हात ठेवायचा. शेवटी ते आमच्या दारी आले आणि सायकल मागितली. आमच्या ह्यांनी मागच्या कॅरिअरला मोठं टोपलं बांधलं, त्यात ती दुलई घातली. नाझरसाहेबांना सायकल चालवता येत नव्हती. ते म्हणाले, "चालवायची कुठे आहे? ढकलायची आहे." नालवाडी काय हाकेच्या अंतरावर आहे होय? पण सांगणार कोण?

वर्ध्याच्या रस्त्यानं ते निघाले तेव्हा गावातले बैल नाल्यावरून न्हाऊन परतत होते. टोपल्यात दिवाणजी ताठ बसलेले, खांद्यांवर हळद. वरिष्ठ बसले होते आणि कनिष्ठ ढकलत होता. बैलांमागून येणाऱ्या कोणीतरी विचारलं, "काय नाझरसाहेब, सनासुदीचं कुठे?"

"जेवायला," ते थांबून म्हणाले. "बोलावणं आहे."

सदरा कालचाच होता. माईनं जाताना धुतलेला काढून ठेवला होता, तो त्यांनी घातला नाही. सकाळची हवा गार होती, पाऊसही येतो म्हणत होता, तरी कोट हँडलला अडकवलेला होता. ते वळणावर दिसेनासे होईस्तोवर मी फाटकाशी उभी होते. म्हाताऱ्याचे दोन्ही खांदे पिवळे झाले होते. कोट अंगात असता तर ते कोणाला दिसले नसते.